खैराची मूठ

माझ्या शिलाई मशीनच्या खणात बॉबिनं आणि मोडक्या सुयांबरोबर दोन जाड पोलादी पेच पडलेले असतात. कुणी विचारलं की मी सांगते, मशीनचेच आहेत. खरं म्हणजे ते एका धनुष्याचे आहेत, आणि ते धनुष्य मी बनारसला, माहेरी, वडिलांबरोबर बसून बनवलं होतं. एवढं सांगितलं की माणसं कौतुकाने हसतात. बापलेकीने मिळून धनुष्य केलं, वा! म्हणून मी सांगत नाही. कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही.

आधी हे सांगायला हवं की मी डावरी आहे. दुसऱ्या एखाद्या घरात हे सांगायची गरजही पडली नसती. आमचं घर अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत. वडील तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून काशीला येणारे यात्रेकरू आमच्याकडे उतरत, जेवत, आणि वडील त्यांना घाटावर नेऊन त्यांच्या आईबापांचं श्राद्ध करवत. श्राद्धात पितरांचं काम आलं की जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचं असतं, त्याला अपसव्य म्हणतात. देवाचं काम आलं की ते पुन्हा जागेवर, म्हणजे सव्य. ‘सव्य करा, अपसव्य करा’ हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. उलटी बाजू मेलेल्यांची, सुलटी जित्यांची, इतका तो साधा हिशेब. अशा घरात पहिली मुलगी झाली आणि ती वरणभाताकडे डावा हात नेऊ लागली.

जेवताना आई माझा डावा हात पंच्याने पाठीमागे बांधून ठेवायची. मारायची नाही, बांधायची. पुढे पाटीवर पेन्सिल डाव्या हातात दिसली की वडील म्हणत, “जिवंतपणी अपसव्य कशाला, बाळ?” त्यांचा आवाज कधी चढला नाही. चढला असता तर भांडता तरी आलं असतं. हा सगळा तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. मी उजव्या हाताने जेवायला शिकले, लिहायला शिकले, देवाला फूल वाहायला शिकले. भांडी घासणं, पाणी भरणं, पोळ्या लाटणं, ज्या कामांकडे देवाचं लक्ष नसतं ती कामं डावा हात करत राहिला. “पोळी डाव्या हातानं लाटली म्हणून कच्ची नाही राहत,” असं आई एकदा हळूच म्हणाली होती. वडील घाटावर गेलेले होते तेव्हा.

माझ्या पाठचा भाऊ उजवा होता. त्याला कुणी काही शिकवावं लागलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी विद्यापीठात बी.ए. करत होते. एकदा मैत्रिणीची वाट पाहत मैदानाच्या कडेला उभी होते, समोर काही मुली बांबूच्या धनुष्यांनी नेम धरत होत्या. एक धनुष्य गवतात रिकामं पडलं होतं, ते मी उचललं. उजव्या हातात धरलं आणि डाव्या हाताने दोरी ओढली. मला कुणी शिकवलं नव्हतं, हात आपोआप तसे गेले. क्रीडाशिक्षक लांबून ओरडले, “अरे, लेफ्टी हो? बढ़िया है!”

बढिया. माझ्या डाव्या हाताला हा शब्द तोवर कुणी लावला नव्हता. मी दुसऱ्या दिवसापासून मैदानावर जायला लागले आणि घरी सांगितलं, जादा तास असतात.

बांबूच्या धनुष्यावर मी लवकरच बरी झाले, मग चांगली झाले. बांबूच्या धनुष्याला डावं-उजवं नसतं, दोन्हींकडून बाण सुटतो. मग एके दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं आणि समजावलं. होळीच्या आधी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची निवड होती. संघात नाव आलं आणि पुढे स्पर्धेत जरा चमक दाखवली की रेल्वेत खेळाडूंसाठी जागा असतात. पण तिथे बांबू चालत नाही. तिथे टोकं पुढे वळलेलं, तीन तुकड्यांचं धनुष्य लागतं.

मला ती नोकरी हवी होती. तिरंदाजी आवडायची हे खरं, पण खोटं कशाला बोलू, नोकरी जास्त हवी होती. घरात इंदूरच्या एका स्थळाचं बोलणं चालू होतं. नोकरी म्हणजे कुठेतरी रेल्वेच्या वसाहतीत माझ्या नावाचं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि त्यात मी पाहिजे त्या हाताने जेवणार. स्वप्न एवढंच होतं. त्याहून मोठं स्वप्न पाहायचं मला सुचलंही नाही.

आता हे तीन तुकडे समजून घ्यायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मधला तुकडा म्हणजे मूठ, मैदानावर सगळे तिला रायझर म्हणत. ती वाकत नाही. तिच्या वर आणि खाली एकेक पात, म्हणजे लिम, बसते, ती वाकते. पाती डाव्या-उजव्या नसतात. मूठ असते. हाताने धरायच्या जागेच्या थोडं वर मुठीचं लाकूड किंवा धातू एका बाजूने आत कापलेला असतो, म्हणजे बाण जवळजवळ मधून जातो. या कापलेल्या जागेला खिडकी म्हणतात. उजव्या माणसाची खिडकी डावीकडे, डावऱ्याची उजवीकडे. सरांच्या कपाटात परदेशी पातींची एक छान जोडी होती. डावी मूठ मात्र विद्यापीठात नव्हती, शहरात नव्हती, आणि बाहेरून मागवायची तर माझं लग्न होऊन नातवंडं झाली असती.

“लिम मैं दे दूँगा,” सर म्हणाले. “राइज़र का इंतज़ाम तुम कर लो.”

त्या पातींची गंमत अशी होती की त्यांच्या बुडाची मापं जगभर ठरलेली. बुडाशी एक अर्धगोल खाच, ती मुठीवरच्या पेचाच्या रुंद गळ्याखाली सरकते. खाचेच्या पुढे एक स्प्रिंगचं बटण, ते मुठीतल्या चरीत जाऊन अडकतं. टक् असा आवाज होतो आणि पात बसते. कुठल्याही कंपनीची पात, कुठल्याही कंपनीची मूठ. तेव्हा मला हे फार थोर वाटलं होतं.

मी एका मुलीची धातूची मूठ मागून पुठ्ठ्यावर तिचा आकार काढून घेतला, उलटा करून डावा केला, आणि घरी येऊन वडिलांपुढे ठेवला. दुसरं कुणी नव्हतंच. माझ्या आजोबांकडे अग्निहोत्र होतं. हवनाच्या पळ्या, उखळ, मुसळ अशी यज्ञाची लाकडी पात्रं आमच्या घरचे पुरुष स्वतः घडवत. आजोबा गेले, त्यांच्याबरोबर अग्नी गेला, पण वडिलांच्या हातात वाकस आणि पटाशी राहिली. कुठे यज्ञ असला की अजून त्यांच्याकडे पात्रांची मागणी येई. मी सगळं सांगून टाकलं. जादा तास, मैदान, निवड, रेल्वे, डावा हात. मला वाटलं होतं आता ते ‘अपसव्य’ म्हणतील.

त्यांनी पुठ्ठा उचलला आणि दाराशी उजेडात नेला. बराच वेळ बघत राहिले.

“दोन्हीकडून जोर येणार, मधे धरायचं,” ते म्हणाले. “शिसम नाही चालायचं. खैर पाहिजे.”

“फळ्या चिकटवून करतात बाबा, वेगवेगळ्या लाकडांच्या. जास्त मजबूत होतं म्हणे.”

“बिलकुल नाही. गोंदाचं लाकूड म्हणजे जूठं लाकूड. एकसंध करू.”

आमची मराठी ही अशी. उष्टं म्हणायचं तिथे जूठं. इंदूरच्या सासूबाईंनी पुढे त्यावरूनही मला बरंच ऐकवलं.

माळ्यावर आजोबांनी पात्रांसाठी राखलेला खैराचा एक ओंडका होता. कित्येक वर्षं वाळलेला, आतून काळपट तांबडा, दगडासारखा जड. वडिलांनी तो काढला. आई म्हणाली, “अहो, तो मामंजींनी यज्ञासाठी ठेवलाय.” वडील म्हणाले, “आता कोण करतंय यज्ञ?” आणि ओंडक्यावर करवत लावली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ते वाईट बाप नव्हते. वाईट असते तर ही गोष्ट सोपी झाली असती.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हिवाळा होता, आणि हे लिहिताना मला राग येतो आहे. घाटावरचं काम आटोपून वडील दुपारी येत, जेवत, आणि मग आम्ही दोघं मागच्या पडवीत बसायचो. ते वाकसाने तासायचे, मी कानस मारायची. खैर सहजी सुटत नाही. तासभर कानस चालवली तर मूठभर लाल भुसा. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले. ते माझ्या उजव्या हाताला तूप चोळून द्यायचे आणि म्हणायचे, “दुसरा आण.” दुसरा म्हणायचे, डावा म्हणायचे नाहीत. मला तेवढंही पुरे होतं.

वरचं टोक आणि खालचं टोक एका रेषेत आलं पाहिजे, नाहीतर दोरी मधून जात नाही, पात पिळते. मी पट्टी घेऊन धडपडत होते. वडिलांनी टकळीवर कातलेलं जानव्याचं सूत आणलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बांधलं आणि जमिनीवर आडवं पडून एक डोळा मिटून पाहिलं. “खालचं अंग जरासं तुझ्याकडे झुकलंय,” ते म्हणाले. झुकलेलं होतं. मी कानस मारली, त्यांनी पुन्हा पाहिलं. असं करता करता सूत बरोबर मधे आलं. घरात नवा देव बसवावा तशा भक्तीने आम्ही दोघं त्या सुताकडे बघत बसलो होतो.

पातींची जोडणी लाकडात होण्यासारखी नव्हती. त्याला पोलादच हवं होतं. सरांकडून एक पात मागून घेतली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि मी पीप्यांच्या पुलावरून, तरंगत्या पिंपांवरच्या त्या पुलावरून, रामनगरला गेले. तिथे एका लेथवाल्याकडून पेच करून घेतले, लाकडात ठोकायच्या आट्यांच्या नळ्या केल्या, बटणासाठी चरीच्या पट्ट्या केल्या. तो माणूस कंटाळलेला होता. त्याच्या मते पेच म्हणजे पेच, केसभर इकडेतिकडे काय बिघडतं. मी पात पुढे करून बसले आणि तिच्या खाचेत पेचाचा गळा नीट सरकेपर्यंत हलले नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, “लो बहनजी, अब तो दुनिया का कोई भी लिम लगा लो।”

त्या संध्याकाळी नळ्या लाकडात बसवल्या. भोकं वडिलांनी गिरमिटाने पाडली, सुताला धरून. पेच फिरवून आत घातला, चरीची पट्टी बसवली, पात सरकवली. टक्. वडील दचकले आणि मग हसले. “काढ,” म्हणाले. मी काढली. “पुन्हा बसव.” टक्. लहान मुलासारखं त्यांनी ते चार-पाच वेळा करायला लावलं. मग म्हणाले, “पण असं सुटसुटीत बरं नव्हे. जे कुठंही बसतं ते कुणीही घेऊन जातं.” मी म्हटलं, “बाबा, तीच तर त्याची खुबी आहे.”

आता फक्त खिडकी राहिली होती. ती सगळ्यात शेवटी कापायची, कारण ती कापली की लाकूड तिथे अशक्त होतं. मी पेन्सिलने जागा आखली. उजव्या अंगाला, माझ्या बाजूला. तिथे फुलीही मारली. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. “मी आल्यावर कापू,” असं सांगून मी गेले.

आले तेव्हा मूठ पडवीत तयार होती. खिडकी कापलेली, पॉलिश पेपरने घासलेली, जवसाचं तेल चोळलेली. लाकूड असं चमकत होतं की मी आनंदाने ती उचलली, उजव्या हातात धरली, डोळ्यासमोर आणली. समोर लाकूड होतं. खिडकी पलीकडे होती, डाव्या अंगाला. माझी पेन्सिलची फुली तेलाखाली तशीच दिसत होती.

“बाबा, उलटी कापलीत,” मी म्हटलं. मला अजून वाटत होतं की ती चूक आहे. समोर बसून यजमानाचे हात हलवायची त्यांना सवय, त्यात डावं-उजवं फिरलं असेल.

वडील जानव्याशी चाळा करत बसले होते. “चूक नाही झाली,” ते म्हणाले. “तुझी फुली पाहिली मी. माझ्या हातून दुसरं होणारच नव्हतं. यज्ञाचं लाकूड आहे बाळ, आणि तू माझी मुलगी आहेस. उजव्या हाताने सोड की. जेवायला शिकलीस, लिहायला शिकलीस. हेही येईल.”

“निवड आठ दिवसांवर आलीय.”

“कोशिश कर. नाही जमलं तर राहिलं. एकटी मुलगी कुठं गोरखपूरला नि कुठं मुगलसरायला राहणार?”

म्हणजे हे होतं. सगळा हिवाळा त्यांनी तूप चोळलं, जमिनीवर आडवं पडून सूत पाहिलं, टक् ऐकून हसले, आणि मनात हे ठेवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडाही आमचाच, कुऱ्हाडही आमचीच. मी म्हटलं, “तुम्ही मला आधीच नाही म्हणायला हवं होतं.”

“तू विचारलंस तेव्हा लाकडाचं विचारलंस,” वडील म्हणाले. “लाकडाला मी कधी नाही म्हटलं?”

हे त्यांचं उत्तर मला आजही पाठ आहे.

नवी मूठ करायला लाकूड नव्हतं, वेळ नव्हता. उजव्या हाताने आठ दिवसांत तिरंदाज होणं ही थट्टा होती. ज्या हाताला वीस वर्षं शिकवून साधं अक्षर धड आलं नाही, तो काय नेम धरणार? मी पडवीत बसले आणि माझ्या बाजूने दुसरी खिडकी कापायला घेतली. मध्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं. दोन्हीकडून मध्यापर्यंत गेलं तर मधे राहतं काय? जितकं हिंमतीने कापता येईल तितकं कापलं, बाण जेमतेम सुटेल एवढं. दोन खिडक्यांच्या मधे लाकडाची एक अरुंद मान उरली. आई दारात येऊन उभी राहिली. “बारीक झालंय गं,” ती म्हणाली. मी म्हटलं, “मग तुम्ही दोघांनी जाड ठेवायचं होतं.” ती आत निघून गेली. वडील त्या आठ दिवसांत पडवीत आले नाहीत.

आणि त्या मुठीने बाण सोडले! ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. मैदानावर सरांनी दोन खिडक्यांची मूठ पाहिली, कपाळावर आठ्या घातल्या, पण पहिला बाण सुटल्यावर त्या उतरल्या. परदेशी पातींना काय ओढ होती! बांबूच्या धनुष्याचा बाण टोपलीतून भाजी टाकल्यासारखा जायचा, हा सरळ जाऊन रुतायचा. निवडीच्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. पहिल्या फेरीत मी अशी उतरले की शेजारच्या मुली स्वतःचे बाण काढायच्या आधी माझ्या निशाणाकडे बघायला लागल्या. रेल्वेतून आलेले एक गृहस्थ खुर्ची सरकवून माझ्या मागे येऊन बसले. मी मनात त्या क्वार्टरची खिडकीसुद्धा ठरवून टाकली, ती ज्या बाजूला हवी त्या बाजूला.

लांबच्या अंतराची फेरी सुरू झाली. मी दोरी पूर्ण ओढली, हनुवटीला टेकवली, आणि कानाशी ऊस मोडावा तसा आवाज झाला. मूठ मानेत मोडली होती. वरचा तुकडा पातीसकट उलटून माझ्या हनुवटीवर आला. मी खाली बसले. दुपट्ट्यावर रक्त दिसत होतं आणि दुखत मात्र काही नव्हतं.

सर धावत आले. ते आधी पातींकडे गेले. दोन्ही पाती उचलून, डोळ्यासमोर धरून, पिळल्या आहेत का ते पाहिलं. “शुक्र है,” म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ते माणूस वाईट नव्हते. विद्यापीठाच्या नावावर असलेली वस्तू, त्यांच्यावर जबाबदारी होती. वाईट कुणीच नव्हतं, हीच तर माझी तक्रार आहे.

मला बाकावर बसवून हनुवटीला रुमाल बांधला. मी तिथून पाहत होते. एका मुलीच्या स्वतःच्या पाती साध्या होत्या. सरांनी माझ्या मुठीतून सोडवलेल्या परदेशी पाती तिच्या धातूच्या मुठीला लावल्या. वरची, टक्. खालची, टक्. केसभरही अडलं नाही. ती उजवी होती. तिची निवड झाली.

घरी आले तेव्हा हनुवटीला टाके होते आणि पिशवीत मुठीचे दोन तुकडे. वडील पायरीवर बसले होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. उठून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, तुकडे काढले, मोडलेली जागा बोटाने चाचपली.

“उजव्याने सोडला असतास तर एकच खिडकी राहिली असती,” ते म्हणाले. “तुटलं नसतं.”

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच मी ते अजून माफ केलेलं नाही. खोटं बोललेलं माणूस विसरतं. आपलेच दात आपलेच ओठ, आई म्हणाली, आता वाद कशाला? वाद झालाच नाही. इंदूरला होकार गेला.

लग्न वैशाखात, आमच्याच घरी. सकाळी मला हळदीच्या पाटावरून उठवल्यावर वडील आले आणि माझ्या हातात एक कागदाची पुडी ठेवली. सोडून पाहिली तर त्यात ते दोन पेच होते, पुसून, तेल लावून.

“तुझे आहेत,” वडील म्हणाले. “लोखंड अग्नीत चालत नाही.”

“आणि लाकूड?”

“भंगलेलं पात्र अग्नीलाच द्यायचं असतं. तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. आजोबांच्या वेळी एखादी पळी चिरली की ती हवनात जायची. उकिरड्यावर कधी जायची नाही. ज्या लाकडाने यज्ञाचं काम करायचं ठरलं, त्याचा शेवट अग्नीतच. मी मुठीला पात्र म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हटलं. त्यांच्या मते हा मानच होता, आणि तसा तो असेलही.

कन्यादान करणाऱ्या बापाला लग्नाचे मंत्र म्हणता येत नाहीत, म्हणून दुसरे गुरुजी होते. पण होमाची तयारी वडिलांनी कुणाला करू दिली नव्हती. शालूत गुदमरत मी वेदीशी बसले तेव्हा अग्नी चांगला धरला होता. पळसाच्या समिधांच्या खाली मला एक तांबूस तुकडा दिसला. त्याला पेचाचं गोल भोक होतं. भोकातून ज्वाळ येत होती. खैर हळू जळतो. माझं अर्धं लग्न होईपर्यंत ती मूठ जळत होती.

मग लाजाहोम आला. यात नवरीने ओंजळीतून लाह्या अग्नीत सोडायच्या असतात आणि लाह्या तिच्या भावाने तिच्या ओंजळीत घालायच्या असतात. भाऊ सूप घेऊन पुढे आला. मी सवयीने उजवा हात पुढे केला. डावा शालूखाली, आईने बांधलेल्या जागी, आपला आपण जाऊन बसला होता.

“असं नाही बाळ,” शेजारून वडील म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “दोन्ही हात लागतात. दुसरा आण.”

मी दुसरा आणला. भावाने ओंजळीत लाह्या घातल्या, मी त्या खैरावर सोडल्या, त्या तडतडल्या. माहेरच्या घरात देवाच्या कामाला माझा डावा हात तेवढा एकदा चालला. मला तिथून काढून देण्याच्या कामाला.